बळवंतरावांची उडती टेकडी

"मग त्या खुर्चीत माणूस बसवतोस कशाला?" टेकडीवरच्या म्हाताऱ्या कोंडाईने पुन्हा तेच विचारलं.

बळवंतराव टिपणिसांनी कपाळाला हात लावला. टेकडी चढून आल्याने आधीच धाप लागली होती, त्यात ही वादावादी.

"बघायला, आई. टेहळणीचं विमान आहे ते. मागच्याने उडवायचं, पुढच्याने शत्रू हुडकायचा."

"आत्ता तूच म्हणालास, पुढे माणूस असो नसो, विमानाला फरक पडत नाही."

"तोल ढळत नाही, असं म्हणालो. तीच तर करामत आहे."

करामत होती, हे कबूल केलं पाहिजे. त्यांचं पहिलं दुपंखी विमान उघडंबोडकं होतं. त्यातून चारी दिशा दिसत, पण ते असं हेलकावे खाई की बसणारा डोळे गच्च मिटून देवाचा धावा करी. दुसरं थोडं सुधारलं. तिसऱ्यात बळवंतरावांनी टेहळणीवाल्याची खुर्ची उचलून नेमकी तोलाच्या जागी मांडली. वर पंख, खाली पंख, दोन्ही बाजूंना तारांचं जाळं, मध्ये माणूस. विमान घरच्या बाजेसारखं स्थिर झालं.

"लहानपणी तुम्हीच मला इथे बसवून नुसतं बघायला शिकवलंत," बळवंतराव म्हणाले. विलायतेहून शिकून आल्यापासून ते गुरूलाही समजावून सांगत. "मी काय केलं? तुमच्या टेकडीला पंख लावून ती उडवली."

"उडवलीस. आणि वरून काय दिसलं?"



दुखणं तेच होतं. त्या सकाळी संस्थानात खोटी लढाई होती. शत्रू म्हणून घोडदळाचा एक रिसाला रानात कुठेतरी दडवला होता. तो विमानातून हुडकायचा आणि दिवेलागणीच्या आत सरकारांना जागा सांगायची. नाही सांगितली तर शेडमधून विमान बाहेर आणि हत्ती आत. शेड मुळात हत्तीचीच. माहूत येता-जाता तिच्या दारात उभा राहून उसासे टाकी.

बळवंतराव स्वतः पुढच्या खुर्चीत बसले, सगळं रान फिरून आले, आणि घोड्याची शेपटीही त्यांना दिसली नाही.

"खालचा पंख आड येतो," ते शेवटी पुटपुटले.

कोंडाई नाचणी पाखडत होती. तिने सूप रिकामं केलं आणि सरळ बळवंतरावांच्या हनुवटीखाली आडवं धरलं.

"पाय बघ तुझे."

"दिसत नाहीत."

"काय दिसतं?"

"...सूप."

"कसं आहे?"

बळवंतराव हाडाचे कारागीर, त्यांना राहवेना. वीण घट्ट आहे म्हणाले, फक्त डावीकडे कड उसवली आहे, तिथे दोन टाके घालायला हवेत.

"सकाळभर तू हेच केलंस," कोंडाई म्हणाली आणि सूप काढून घेऊन त्यात पुन्हा नाचणी भरली.

बळवंतरावांचे कान तापले. म्हातारीला कसं कळलं? सकाळभर ते तारांची गुणगुण ऐकत होते. पंखाच्या कापडावरचं ठिगळ निरखत होते. विमान डगमगत नाही याचा त्यांना इतका आनंद झाला होता की आपण कशाला वर आलो हेच ते विसरले होते.

तरी माणूस हट्टी. चौथ्या विमानात खालच्या पंखाला खिडकी पाडतो, म्हणाले.

"आणि खिडकीतून चाकं बघ," कोंडाई म्हणाली.

खाली मैदानाकडून हत्तीचा चीत्कार आला. माहुताने त्याला आणूनच उभा केला होता...

मग बळवंतरावांनी पोटातलं ओठावर आणलं. आई सकाळपासून टेकडीवर बसलेल्या, त्यांना घोडेस्वार दिसले असतीलच. कुठल्या ओढ्यात, कुठल्या झाडीत, एवढंच त्यांनी सांगावं. पुढचं ते सरकारांशी बोलून घेतील.

"विमानातून दिसले म्हणून?"

"टेकडी काय, विमान काय... उंचावरूनच ना?"

कोंडाई इतकी हसली की सुपातली नाचणी सांडली.

दिसले की, म्हणाली. न दिसायला ते लपले होते कुठे? विमान घरघरत आलं तसा अख्खा रिसाला झाडीतून उघड्यावर धावला. कुणी फेटा सोडून हलवला, कुणी खोगिरावर उभा राहिला, आणि दफेदार तर आ वासून असा बघत राहिला की त्याचं घोडं त्याला सोडून चरायला गेलं. बळवंतराव त्यांच्या डोक्यावरून गेले, वळले, परत डोक्यावरूनच आले.

"पण जागा कुठली, आई?"

कोंडाई सांडलेली नाचणी एकेक वेचू लागली.

"दिवे लागायची वेळ झाली. सरकार विचारतील..."

ती वेचत राहिली.

"काय सांगू मी त्यांना?" बळवंतरावांचा आवाज आता शाळेतल्या पोरासारखा झाला होता.

कोंडाईने वर पाहिलं.

"सांग, शत्रूकडची सगळी मंडळी येऊन बघून गेली, बळ्या... विमान पसंत आहे."