साठाव्या पायरीवरचा दिवा

आंबेखोलच्या नवलाई देवीचा दिवा डोंगरावरच्या देवळात लागत नाही. तो लागतो अर्ध्या वाटेवर, साठाव्या पायरीला, दगडातल्या एका खळग्यात. दमलेले पाहुणे कारण विचारतात, आणि बाळोजी गुरव तिथेच बूड टेकून सांगतात. त्यांनाही आता त्यापुढे चढवत नाही.

त्यांच्या घराण्यात फार मागे भागू नावाची म्हातारी होऊन गेली, असे सांगतात. देवीच्या दिवाबत्तीचा मान तिच्याकडे होता. मान कसला, गुडघ्यांची परवडच ती. डोंगराखाली दोन वाड्या. झऱ्याच्या पाण्यावरून त्यांचे असे फाटले की एकमेकांच्या मयतालाही जाईनात. देवी मात्र दोघांनाही हवी. मग एकाच देवीपुढे दोन समया आल्या, आणि दोन्ही वाड्यांचे तेल एका खेपेत न्यायचे नाही, बाटते, असा दंडक पडला. म्हणून भागू रोज दोनदा डोंगर चढे. देवाच्या नावाने भांडतो गाव आणि पाय दुखतात गुरविणीचे, असे बाळोजी इथे हमखास म्हणतात.

एके दिवशी तिच्या अंगात कणकण होती. तिने तेलाच्या दोन्ही बुधल्या एकाच खेपेला घेतल्या, तरी साठाव्या पायरीवर पाय उचलेना. ती मटकन बसली. रडली म्हणे, देवीवर चिडलीही. दिवेलागण झाली तसे तिने शेजारच्या खळग्यात दोन्ही बुधल्या रिकाम्या केल्या, पदराच्या चिंधीची वात वळली आणि तिथेच दिवा लावला.

भलत्याच जागी उजेड पाहून दोन्ही वाड्या काठ्या घेऊन चढून आल्या. हिचा मान काढून घ्या, हिला गावाबाहेर घालवा, यावर मात्र त्यांचे चटकन एकमत झाले. उतारवयात ती जाणार कुठे? पण भागू जागची उठली नाही.

“ज्याला आपलं तेल वळखू येईल, त्यानं काढून न्यावं,” ती म्हणाली. “मी नाय म्हणायची नाय.”

कुणीतरी विचारले, देवीने तसे स्वप्नात सांगितले काय?

“देवी कशाला सांगते? तिला काळोखाची सवय हाय. दिवा मी तुमच्यासाठी लावते, आनि तुम्हालाच एकमेकांची तोंडं दिसत नायत.”

कुणीही खळग्यात हात घातला नाही. तेल संपेपर्यंत सगळे तिथेच बसून राहिले, म्हणे. समोरचा किती म्हातारा झाला, हे बऱ्याच जणांना तेव्हा कळले.

आजही त्या खळग्यात कुणी घरचे तेल घालत नाही. ज्याच्याशी बोलणे तुटले असेल, त्याच्या दारी जाऊन ते मागून आणायचे. काही लबाड जावा त्यासाठी सकाळीच लुटुपुटीचे भांडून घेतात.

बाळोजींना तशी गरज पडत नाही. बांधाच्या वादापासून धाकट्या भावाशी त्यांचा अबोला आहे, आणि त्याचे घर पायथ्यालाच आहे. गोष्ट संपली की ते रिकामी बुधली घेऊन गुडघ्यांवर हात टेकत उतरतात. भाऊ बुधली काठोकाठ भरतो, आणि साठ पायऱ्या स्वतःच ती वर नेऊन ठेवतो.