राजा पृथुसेनाची विनापरवाना भिंत

एका राज्यात घराभोवती भिंत घालायची, तर आधी विचारावे लागे. रस्त्याकडची भिंत कमरेइतकी, शेजाऱ्याकडची खांद्याइतकी. याहून उंच हवी, तर शेजाऱ्याची संमती आणि कचेरीचा शिक्का. तो शिक्का इरावती नावाच्या बाईच्या हाती असे. तिचा धाकटा भाऊ सुधन्वा राजाच्या पदरी गवंडी होता.

तिथल्या राजाला, पृथुसेनाला, बागेच्या कडेला खणताना रत्नांचा हंडा सापडला. त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. त्याने सुधन्व्याला बोलावले.

"बागेभोवती दोन पुरुष उंच भिंत घाल."

"महाराज, परवानगी?"

"ती मी मला दिली."

सुधन्व्याने भिंत उभारली. इरावतीने येताजाता ती पाहिली आणि मान खाली घातली.

शेवटचा दगड बसला त्या सकाळी नगरातली माणसे जागच्या जागी थिजली. भिंतीला फाटक उरले नव्हते. राजा एकटा आत, बाकी सारे राज्य बाहेर. आणि रस्त्याच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, एका दगडात सुधन्व्याचा चेहरा होता. त्याचे डोळे उघडे होते, आणि ते हलत होते.

इरावतीने त्या दगडावर हात ठेवला. दगड उबदार होता. 

भिंत रोज चार हात वाढू लागली. पहारी लावल्या, त्या वाकल्या. हत्ती आणले, ते मागे फिरले. सुधन्व्याचा चेहरा दिवसागणिक थंड होत चालला. तिसऱ्या दिवशी त्याची पापणी लवायची थांबली. तेव्हा झुडपातून एक भारद्वाज पक्षी उडत आला आणि इरावतीपुढे बसून माणसासारखा बोलला.

"बाई, हा शाप आहे. तीन कामांनी सुटेल. भिंत खरी मोज. तिने जिचे अंगण गिळले, तिचे म्हणणे ऐक. मग ज्याच्या हुकमाने ती उठली, त्याच्याच हाताने पहिला दगड काढव."

इरावतीने मोजणीची दोरी लावली. भिंत आभाळाला भिडू पाहत होती, आणि दोरी दाखवी कमरेइतकी. तीनदा लावली, तीनदा तेच. तिने दोरी टाकून दिली, शिड्यांवर शिड्या बांधल्या आणि वितीवितीने भिंत मोजली. बोटांची साले निघाली. मग कचेरीतला जुना नकाशा आणून तिने पाया मोजला. पाया सात पावले शेजारच्या अंगणात होता. हद्दीचा दगड उपटून झुडपात फेकलेला होता.

त्या अंगणात कुंतला नावाची म्हातारी सुपे विणी. भर दुपारी तिथे एवढा काळोख होता, की ती बोटांनी चाचपून विणत होती.

"आजी, तुमचे म्हणणे ऐकायला आले आहे," इरावती म्हणाली.

"हंडा माझ्या पणजीने पुरला. ती मंत्र जाणणारी होती. जो हे लपवील तो लपेल, असे तिने हंड्याला सांगून ठेवले."

"हे आधी कुणाला सांगितले नाहीत?"

"राजवाड्यात गेले, पहारेकऱ्यांनी हाकलले. तुझ्या कचेरीत आले. तू अर्जाकडे पाहिले नाहीस. म्हणालीस, महाराजांविरुद्धचे कागद इथे घेत नाहीत."

 म्हातारी खरे बोलत होती. त्या दिवशी इरावतीने तिचा चेहरासुद्धा पाहिला नव्हता.

"आता सांगा," ती कशीबशी म्हणाली. "मी लिहिते."

कुंतलेने सांगितले, इरावतीने लिहिले. राजाचा अपराध लिहिला, त्याखाली स्वतःचा लिहिला, आणि शिक्का मारला. त्याच क्षणी रस्त्याकडे, सुधन्व्याच्या चेहऱ्याशेजारी, भिंतीला हात जाईल एवढी फट पडली. इरावती धावत तिथे गेली. फटीत पृथुसेनाचे ओठ दिसले, सुकून फाटलेले.

"महाराज, आतून एक दगड काढा."

"दगड काढणे गवंड्याचे काम."

"गवंडी भिंतीत आहे, महाराज. चार बोटे उजवीकडे पाहा."

 आतून नखांनी चुना खरवडल्याचा आवाज आला. राजाने पहिला दगड काढला, आणि वरची सारी भिंत वाळूसारखी ओघळली. कमरेइतकी तेवढी उरली. सुधन्वा तिच्यावरून अलीकडे कोसळला. त्याचे केस चुन्यासारखे पांढरे झाले होते. इरावतीने त्याला मांडीवर घेतले. त्याने पाणी मागितले, तेव्हा कुठे ती रडली.

हंडा कुंतलेला मिळाला. हद्दीचा दगड राजाने स्वतः वाहून आणून जागेवर रोवला, सरकलेली भिंत काढवली.

पुढे एका सकाळी पृथुसेन पायी कुंतलेच्या दारी आला. तिच्या बाजूला त्याला खांद्याहून वीतभर उंच भिंत हवी होती. त्याने हात जोडून विचारले. गल्ली गोळा झाली, इरावतीही आली. कुंतलेने सूप खाली ठेवले आणि थोडा विचार केला.

"नको," ती म्हणाली.

 इरावतीने राजाच्या अर्जावर 'नामंजूर' असे लिहून शिक्का मारला. राजाने तो कागद घेतला, दोघींना नमस्कार केला आणि आल्या वाटेने परत गेला. गल्लीतली माणसे मात्र दुपारपर्यंत तिथेच उभी होती, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत.