नरहरीची खोली आणि काशव्वाच्या कोंबड्या

“कोंबड्यांसाठी? माझी खोली... कोंबड्यांसाठी?”

नरहरीचा आवाज असा चढला, की कडुलिंबाखाली भाकरी मोडत बसलेल्या काशव्वानं हातातला तुकडा तसाच खाली ठेवला.

“हो,” अमानबाबा म्हणाले.

गावाबाहेरच्या माळावर या म्हाताऱ्या फकिराचा राहण्याचा तक्या होता. मागं दगडी भिंतींची एक खोली, चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. पूर्वी तीत गोवऱ्या रचलेल्या असत. सात वर्षांपूर्वी मामलेदार कचेरीतली कारकुनी सोडून नरहरी बाबांच्या पायाशी आला. त्यानं गोवऱ्या बाहेर काढल्या, जमीन सारवली, आसन टाकलं. तेव्हापासून रोज तीन तास तो तिथं डोळे मिटून बसे. आल्यागेल्याला खोली दाखवी आणि हलक्या आवाजात सांगे, “इथं मी क्रोध जिंकला.”

काशव्वा ओढ्यापलीकडं एकटीच राहायची. तिच्या झोपडीची भिंत कुडाची. रानमांजर कूड उचकटून आत शिरायचं. आठ दिवसांत अकरा कोंबड्या गेल्या. उरलेल्या सहा डालग्यात घालून तिनं त्या सकाळी बाबांपुढं आणून ठेवल्या होत्या.

“दुसरीकडं बांधू,” नरहरी म्हणाला. “दगड मी वाहीन. पण ती खोली नाही.”

“का?”

“तिथं माझी साधना झालीय, बाबा! सात वर्षं!”

“झाली ना? मग खोली मोकळी झाली.”

“तुम्ही माझा अपमान करताय!”

बाबांनी हातोडी उचलली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली...

नरहरीला वाटलं, झोळी उचलावी आणि चालू लागावं. तो तक्याच्या दारापर्यंत गेलासुद्धा. मग परत फिरला, हातोडी हिसकल्यासारखी उचलली आणि खोलीत जाऊन आसन लाथेनं बाहेर भिरकावलं.

दोन दिवस माळावर ठोकाठोक चालली होती.

खिडकीला त्यानं जाळी मारली. एकीनं भागेना, म्हणून वर दुसरी. दाराखाली चार बोटांची फट होती, तिथं दगडी उंबरा बसवला. कोपऱ्यातलं उंदराचं बीळ काचा आणि चुना घालून बुजवलं. बाभळीच्या फांद्या तासून बसायला आडव्या दांड्या केल्या. अंडी घालायला फुटके माठ आडवे ठेवले, त्यांत गवत कोंबलं. एक घाव बाबांच्या नावानं, दुसरा काशव्वाच्या, तिसरा त्या मांजराच्या. चौथा अंगठ्यावर बसला.

“महाराज, पाणी आणू?” काशव्वानं दारातून विचारलं.

“महाराज म्हणू नकोस मला!” तो खेकसला. “माझी जागा घेतलीस ती घेतलीस, वर महाराज म्हणतेस?”

काशव्वा पदर खोचून आत आली.

“तुमची खोली गेली. माझ्या अकरा गेल्या. एकेकीला तळहातावर दाणा घालून वाढवलीया म्या. वरडायचंच म्हटलं तर मला बी वरडता येतं.”

तिनं पाण्याचा तांब्या त्याच्या पायाशी आदळला आणि ती निघून गेली.

नरहरी पाणी प्यायला. अंगठा तांब्यात बुडवून बसला. त्याला तिचाही राग आला, स्वतःचाही आला, आणि मग त्यानं दाराला आणखी एक बिजागरी ठोकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काशव्वा कोंबड्या खोलीत सोडून घरी गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती धावतच आली. दारावर नखांचे ओरखडे होते, वरपासून खालपर्यंत. जाळीत करड्या केसांचा झुबका अडकला होता. तिनं कडी काढली.

दांडीवर सहाच्या सहा कोंबड्या बसल्या होत्या.

ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली.

नरहरीनं लांबून पाहिलं. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल थोडा... पण छातीत अजून तेच धुमसत होतं. तो तरातरा बाबांपुढं येऊन उभा राहिला.

“बाबा, खोटं नाही बोलणार. एकही खिळा मी प्रेमानं ठोकला नाही. प्रत्येक घावाला शिवी होती. तुम्हालासुद्धा दिलीय.”

“ऐकू येत होती.”

“सात वर्षं मी लोकांना सांगत आलो, की राग जिंकला म्हणून. सगळं खोटं. आत्ताही तो गेलेला नाही. मला घालवून द्यायचं तर घालवून द्या.”

बाबा काठी टेकत उठले. खोलीपाशी गेले. करंगळी जाळीच्या एकेका भोकाशी नेऊन पाहिली. एकातही शिरली नाही. दार दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. हललं नाही. मग त्यांनी नरहरीचा काळानिळा अंगठा हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला...

“पुष्कळ उरलाय राग?”

नरहरीची मान खाली गेली. “पुष्कळ.”

“बरं झालं,” बाबा म्हणाले. “काशव्वाचं छप्पर गळतंय.”