डावखुऱ्या हाताचे ठोके

भांडी बोलायची त्या काळी मोडीच्या दुकानात तांब्याचे दोन जुने हंडे होते, सख्खे भाऊ. संध्याकाळपर्यंत विकली न गेलेली भांडी भट्टीत जाणार होती.

थोरला दुकानातल्या धातू घासायच्या कानशीला म्हणाला, "ताई, अंगावरचे हातोडीचे ठोके घासून टाक. नवा दिसलो तर वाचेन. तूही घे रे घासून."

"मला नको दादा, भीती वाटते," धाकटा म्हणाला.

दुपारी एका तांबटाची लेक, सुंद्राबाई, आली. धाकट्यावर बोटं फिरवताना ती थबकली. "हे बाबांचे ठोके. डावखुरे होते ते, म्हणून असे तिरके. मी परकर नेसायचे तेव्हाचा हा हंडा."

"सुंद्राताई, मीही त्यांनीच घडवलेला," थोरला घाईने म्हणाला.

तिने त्याच्या गुळगुळीत पोटावरून दोनदा हात फिरवला.

"असशीलही रे बाळा, पण ओळखू कशावरून?" म्हणाली, आणि धाकट्याला तेवढं कडेवर घेऊन निघाली.