बारा मुलांचे दहा गोंडे

एका गावात एक पटवेकरीण होती. दोऱ्याचं काम करणारी. कुणाचं मंगळसूत्र गाठवायचं असो, बाळाचा करगोटा वळायचा असो, नाहीतर पोळ्याला बैलाच्या शिंगांना गोंडे हवे असोत, सगळं गाव तिच्याच दाराशी यायचं. तिच्या बोटांना न येणारी गाठ अजून जन्माला यायची आहे, असं लोक म्हणायचे, आणि ते काही फार खोटं नव्हतं.

तिचा नवरा पाठीवर मालाचं गाठोडं टाकून या जत्रेतून त्या जत्रेत हिंडायचा. वर्षातून दोनदा घरी यायचा, चार दिवस राहायचा, की पुन्हा चालू पडायचा. गाव सगळं शेतकऱ्यांचं. सकाळी भाकरी बांधून माणसं रानात गेली, की आळीत एक म्हातारं कुत्रं आणि एक पटवेकरीण एवढीच उरायची. बोलायचं म्हटलं तर कुणाशी?

पण तिला दोन मुलगे होते. जुळे. एक घटकाभर आधी जन्मला म्हणून थोरला आणि दुसरा धाकटा. दोघंही समोरच्याच बालवाडीत जायचे. बालवाडी इतकी जवळ की तिला ओट्यावर दोरा वळता वळता त्यांची गाणी ऐकू यायची. दोन गाणी झाली, एक गोष्ट झाली, की पोरं धावत घरी. मग दिवसभर तिच्या मागेपुढे. "आई, हा लाल दोरा मला." "आई, कुत्र्याला पण करगोटा बांधू या." त्यांना ओरडताना ती थकायची आणि मनातून सुखावायची.

बघता बघता बालवाडीचं वर्ष संपत आलं. पुढची मोठी शाळा टेकडीपलीकडे. पोरं उजाडताना जाणार आणि दिवेलागणीला परत येणार. एवढा मोठा दिवस एकटीने कसा काढायचा, हा विचार पटवेकरणीची पाठ सोडत नव्हता. ती हे कुणाला सांगत नव्हती. सांगायला होतं कोण?

आता त्या गावची एक रीत होती. बालवाडीच्या शेवटच्या दिवशी सगळी मुलं चिंचेखाली उभी राहायची, आईबाप समोर बसायचे, आणि बाई एकेकाची परीक्षा घ्यायच्या. परीक्षा पाढ्यांची नव्हे, नाडीची! चड्डीची नाडी आपली आपण बांधायची आणि आपली आपण सोडायची. ज्याला जमेल त्याने मोठ्या शाळेत जायचं. न जमेल त्याने अजून एक वर्ष बालवाडीत काढायचं.

"हसू नका," बाई दरवर्षी सांगायच्या. "तिकडे पोरं पन्नास आणि गुरुजी एक. गुरुजींनी फळ्याकडे बघायचं की तुमच्या नाड्यांकडे?"

नाडी मात्र घरच्यांनीच शिकवायची, असा बाईंचा नियम होता. आणि जो उत्तीर्ण होईल त्याच्या दप्तराला बाई लाल गोंडा बांधायच्या. हे गोंडे अर्थातच पटवेकरीण करून द्यायची.

गाठी दोन जातीच्या, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सुरगाठ टोक ओढलं की सुटते. निरगाठ जितकी ओढाल तितकी घट्ट बसते. नाडीला बांधायची ती सुरगाठ, हे गावातल्या शेंबड्या पोराच्या आईलाही कळत होतं. पटवेकरणीला कळत नव्हतं असं कसं म्हणावं?

परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा तिने दोघांना समोर बसवलं. हातात नाडी घेतली. आणि तिच्या मनात एक वाईट विचार आला. आला तो आला, तिने त्याला बसायला पाट दिला.

"हे बघा," ती म्हणाली. "हे टोक असं वरून, हे असं खालून, आणि आता दोन्हीकडून जोरात ओढायचं."

तिने निरगाठ शिकवली.

थोरला उनाड. त्याचं अर्धं लक्ष बाहेर. "आलं मला, आलं," म्हणून तो तळ्यावर पळाला. तिथे एक गुराखी रोज नाडी सोडून पाण्यात उतरायचा आणि बाहेर येऊन पुन्हा बांधायचा. त्याचं बघून बघून थोरला भलतीच गाठ शिकला, म्हणजे खरी शिकला. धाकटा मात्र आईजवळच बसून राहिला. आई सांगेल तसं वरून, आई सांगेल तसं खालून, आणि जोरात. आठ दिवस तो तेच करत होता, आणि गाठ सोडून द्यायला आई होतीच.

शेवटचा दिवस आला. चिंचेखाली बारा मुलं उभी राहिली. पहिल्या दहा जणांनी नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग थोरला आला. त्याने डोळे मिटून बांधली आणि एका हाताने सोडून दाखवली. लोक हसले. पटवेकरणीला हसू आलं नाही.

मग धाकटा पुढे आला. त्याने नाडी बांधली, अगदी नेटकी. दोन्हीकडून जोरात ओढली.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "आता सोड."

धाकट्याने टोक ओढलं. गाठ आणखी घट्ट झाली. त्याने नखं लावली. वाकून दात लावायला गेला, पण पोटाशी दात कसे पोचणार? मुलं फिदीफिदी हसायला लागली. "सावकाश, बाळा," बाई म्हणाल्या. पण घाबरलेल्या मुलाला सावकाश काही जमत नसतं. सगळ्यांच्या देखत त्याची चड्डी ओली झाली.

पटवेकरीण धावत गेली. तिने त्याला पदराखाली घेतलं आणि एका क्षणात गाठ सोडली.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," कुणीतरी कुजबुजलं. "जगाला गाठी बांधून देते, आणि पोराला नाडी येईना."

बाईंनी गोंड्यांची टोपली उघडली. एक, दोन, तीन करत दहा दप्तरांना गोंडे बांधले. थोरला दप्तर पुढे करून उभा होता. टोपली रिकामी होती.

"एक गोंडा कमी कसा?" बाईंनी विचारलं.

"दोरा संपला," पटवेकरीण खाली बघत म्हणाली.

बाईंनी एकदा बारा मुलांकडे बघितलं, एकदा रिकाम्या टोपलीकडे, आणि टोपली झाकली.

घरी येताना धाकट्याने आईचं बोट धरलं होतं. तो रडत नव्हता. अर्ध्या वाटेत तो हळूच म्हणाला, "आई, तू चांगलंच शिकवलं होतंस. माझी बोटंच वाईट आहेत."

बोलायची वेळ हीच होती. पण ती एवढंच म्हणाली, "असू दे रे. पुढच्या वर्षी होईल."

सोमवारपासून थोरला टेकडीपलीकडे जाऊ लागला. धाकटा घरी राहिला, कारण बालवाडी उघडायला अजून महिना होता. पटवेकरणीला हवं होतं ते मिळालं. दिवसभर मूल जवळ.

पण हे मूल ते नव्हतं. त्याने लाल दोरा मागितला नाही. कुत्र्याकडे बघितलं नाही. ओट्याच्या कोपऱ्यात बसून तो दोऱ्याचे तुकडे घ्यायचा आणि गाठ मारायचा. वरून, खालून, जोरात. मग ती सोडवायला बघायचा. सुटायची नाही. मग दुसरा तुकडा. संध्याकाळपर्यंत शेजारी न सुटलेल्या गाठींचा ढीग व्हायचा आणि नखांच्या कडा लाल झालेल्या असायच्या.

"जेव रे," आई म्हणायची. तो जेवायचा. "ये, गोष्ट सांगते." तो यायचा, ऐकायचा आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसायचा. पूर्वी पोरं दोन घटका समोर गेली तरी घर तिला खायला उठायचं. आता पोर हाताच्या अंतरावर बसलं होतं, तरी घर खायला उठत होतं. ती इतकी एकटी कधीच नव्हती.

चौथ्या दिवशी थोरला शाळेतून आला आणि धाकट्याशेजारी बसला.

"अरे, अशी नाही. थांब, मी दाखवतो. इथे एक फास ठेवायचा आणि मग ओढायचं. बघ, सुटली की नाही?"

धाकट्याने मान हलवली. "नको. ही आईची नाही."

"पण ही सुटते ना!"

"सुटू दे. मी आईचीच बांधणार. आईला सगळ्या गाठी येतात."

आत चुलीशी बसलेल्या पटवेकरणीने हे ऐकलं. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिचा हात हलेना. उनाड पोर वाचलं. जे पोर आपल्या शब्दाबाहेर गेलं नाही, त्यालाच आपण बुडवलं. हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

ती बाहेर आली. धाकट्यासमोर मांडी घालून बसली.

"तुझा दादा सांगतो तीच गाठ खरी," ती म्हणाली. "मी तुला चुकीची शिकवली. मुद्दाम."

धाकट्याने हातातला दोरा खाली ठेवला. "का?"

"तू गेलास तर मला करमणार नाही, म्हणून."

तो रागावेल, रडेल, असं तिला वाटलं होतं. त्याने आपले दोन्ही हात समोर धरले आणि उलटेपालटे करून बघितले.

"म्हणजे माझी बोटं चांगली आहेत?"

पटवेकरणीला रडू आवरेना. तिने ती लाल झालेली बोटं कपाळाला लावली. "चांगली आहेत, राजा. माझ्यापेक्षा चांगली आहेत."

मग तिने त्याला सुरगाठ शिकवली. दोनदा दाखवावी लागली, बस्स. आठ दिवस आणि वर चार दिवस जे जमत नव्हतं, ते पीठ मळून होईपर्यंत जमलं.

सकाळी ती धाकट्याला घेऊन बाईंकडे गेली. तिथे आणखी चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर बोलणं सोपं नव्हतं, पण पोराची फजिती सगळ्यांसमोर झाली होती, तेव्हा कबुली कोपऱ्यात देऊन कसं चालेल?

"बाई," ती म्हणाली, "माझ्या पोराची बोटं धड आहेत. खोट माझ्या मनात होती. त्याला घरी ठेवायला मी त्याला निरगाठ शिकवली."

चार बायकांनी तोंडाला पदर लावला. बाई मात्र दचकल्या नाहीत.

"मुलं बारा, आणि गोंडे दहा," त्या म्हणाल्या. "तुझे दोघं नापास होणार हे तुला आधीच कसं कळलं, ते मी त्याच दिवशी ओळखलं. चार दिवस तुझी वाट बघितली. आज आली नसतीस, तर संध्याकाळी मीच येणार होते." मग त्या धाकट्याकडे वळल्या. "हं, दाखव बघू."

धाकट्याने बांधली. धाकट्याने सोडली.

पटवेकरणीने त्याच दिवशी दोन गोंडे केले, आधीच्या दहांपेक्षा मोठे. दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघं भाऊ निघाले. तिचा हात सवयीने धाकट्याच्या नाडीकडे गेला. "मी बांधतो," तो म्हणाला आणि त्याने बांधली. तिने हात मागे घेतला. टेकडीवर दोन लाल ठिपके दिसत होते तोवर ती दारात उभी होती. मग तेही दिसेनासे झाले.

आळीत म्हातारं कुत्रं आणि पटवेकरीण उरली. खोटं कशाला सांगू, तिला बरं वगैरे काही वाटलं नाही. दुपार संपता संपेना. बालवाडीतून गाणं ऐकू येईल म्हणून तिने दोनदा कान दिला, मग आठवलं की बालवाडी बंद आहे. शेवटी तिने कोपऱ्यातला गाठींचा ढीग पुढे ओढला आणि सुई घेऊन एकेक गाठ सोडवायला बसली. इवल्या बोटांनी मारलेल्या गाठी, पण काय घट्ट! त्या दुपारी चार सुटल्या. पुढे कितीतरी दुपारी ती तेच करत होती. गावातली सगळ्यात हुशार बोटं तिची, तरी त्यातल्या काही तिलाही कधीच सुटल्या नाहीत.

त्या पहिल्या संध्याकाळी दिवे लागले आणि टेकडीवरून आरडाओरडा ऐकू आला. धाकटा सगळ्यांच्या पुढे पळत होता. ओट्यावर चढायच्या आधीच तो ओरडला, "आई! आज एका पोराला नाडी येत नव्हती. तो रडत होता. मी त्याला तुझी गाठ शिकवली!"

"कुठली माझी?" तिने घाबरून विचारलं.

"सुटते ती," धाकटा म्हणाला आणि धपकन तिच्या मांडीवर बसला.

तात्पर्य: लेकराला मायेने बांधावं, पण सुरगाठीने. ती सुटली तरी लेकरू आपण होऊन परत येऊन बांधतं. निरगाठीने ते दाराशी राहतं खरं, पण आपल्याजवळ राहत नाही.