महाराजांची फुगीर गोधडी

महाराजांची गोधडी काही केल्या सपाट बसेना! चारी कोपरे ओढून धरले की मधोमध हे एवढं टेंगूळ यायचं. टेंगूळ दाबलं की कोपरे वर उचलायचे. आणि पंचाईत अशी, की ती गोधडी कुणा ऐऱ्यागैऱ्याने शिवलेली नव्हती, खुद्द रणधवल महाराजांच्या हातची होती!

त्याचं असं झालं. महाराजांना राग फार. वैद्यबुवा म्हणाले, "सरकार, रोज दोन घटका हाताला बारीक काम द्या. राग उतरेल." झालं! महाराजांनी तलवार खुंटीला टांगली आणि सुई उचलली. काठापासून सुरुवात करून आत आत येत त्यांनी सहा महिन्यांत चौसष्ट तुकड्यांची गोधडी पुरी केली. पहिल्या तुकड्याला दरबारी म्हणाले, "छान!" दहाव्याला म्हणाले, "अप्रतिम!" चौसष्टाव्याला तर प्रधानजी घळाघळा रडले.

आता अशी गोधडी आपणहून फुगेल कशाला? दोष जमिनीचा ठरला! गवंडी आले, महालाची फरशी उखडली, नवी बसवली. टेंगूळ जागच्या जागी. मग पलंगाला दोषी धरलं आणि दोन दिवस कोठडीत ठेवलं. पलंग सुटून आला, तरी टेंगूळ होतंच.

शेवटी गोधडीवाल्यांच्या आळीतून गोजराबाईला बोलावणं गेलं.

"बाई," महाराज म्हणाले, "उद्या सूर्य मावळायच्या आत ही गोधडी अंथरून दाखव. सुरकुती नको, टेंगूळ नको. मात्र एक टाका उसवायचा नाही, एक तुकडा कापायचा नाही आणि वर वजन ठेवायचं नाही!"

"आणि आमचे महाराज चुकले असं जो म्हणेल, त्याची जीभ छाटली जाईल," प्रधानजींनी प्रेमाने सांगितलं.

"आणि नाहीच जमलं तर?" गोजराने विचारलं.

"तर गोधडी हा प्रकारच खोटा!" महाराज गरजले. "गावातल्या झाडून सगळ्या सुया विहिरीत!"

गोजरा गोधडी काखेत मारून निघाली. थंडी तोंडावर आलेली, आणि आळीतली पंधरा घरं सुईवर जगणारी. घरी येऊन तिने गोधडी मांडीवर घेतली, बोटांनी चाचपली. टाका कसा? बारीक, एकसारखा! 'अगंबाई, हात तर चांगला आहे की!' मग तिने वितीने तुकडे मापले आणि तिला हसू आवरेना. काठाचा पहिला तुकडा वीतभर. शेजारचा त्याहून केसभर मोठा. त्याच्या शेजारचा आणखी केसभर. असं करत करत मधला शेवटचा तुकडा चांगला दीड वीत झाला होता! महाराजांनी दर नवा तुकडा मागच्या तुकड्यावर ठेवून कापला होता आणि दर वेळी कात्री जराशी बाहेरून गेली होती. उसवल्याशिवाय याला इलाज नव्हता. आणि उसवायचं तर नव्हतंच!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती गोधडी खांद्यावर टाकून गावभर हिंडली. कणगीवर घालून पाहिली, सैल झाली. गवताच्या गंजीवर घालून पाहिली, एका बाजूला कलली. देवळामागे एक रेडा निवांत बसला होता, त्याच्या पाठीवर घातली. रेडा उठला आणि गोधडी घेऊन चालू लागला! गोजरा ओढ्यापर्यंत त्याच्यामागे धावली. धापा टाकत परत येताना ती हत्तीखान्याच्या दाराशी टेकली. आत बत्ताशी हत्तीण सोंडेने पाठीवर धूळ उडवत उभी होती. गोजराने कपाळावरचा घाम पुसला आणि त्या पाठीकडे बघतच राहिली.

दिवस कलला. दरबार भरला.

"महाराज, बाहेर चला. गोधडी अंथरली आहे," गोजरा म्हणाली.

"कुठे अंथरलीस?"

"अंगणात उभी आहे!"

सगळे बाहेर धावले. बत्ताशीच्या पाठीवर गोधडी अशी चपखल बसली होती, की जणू ती गोधडीसकटच जन्माला आली होती! प्रधानजींनी शिडी लावली आणि गोधडीला नाक लावून सुरकुती शोधू लागले. बत्ताशीने सोंडेने त्यांची पगडी उचलली, हुंगली आणि उलटी करून परत डोक्यावर ठेवली.

"सुरकुती... नाही, सरकार," प्रधानजी वरून म्हणाले.

"पण हा हत्ती आहे!" महाराज ओरडले.

"आहेच की. कशावर अंथरायची, ते सरकार कुठे बोलले होते?"

महाराजांचे डोळे बारीक झाले. "म्हणजे आमचं माप चुकलं, असंच ना?"

शिडीवरून प्रधानजी गोजराच्या जिभेकडे टक लावून बसले.

"माप कसं चुकेल, महाराज?" गोजरा शांतपणे म्हणाली. "माप अगदी बरोबर आलंय. महाराजच अंगाने थोडे कमी पडले!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या. गाल फुगले. आणि ते असे खदखदून हसत सुटले, की तोल सांभाळायला त्यांना बत्ताशीचा पाय धरावा लागला!

"बाई, जीभ तुझी तुलाच ठेव," ते डोळे पुसत म्हणाले. "आता खरं सांग. बिघडलं कुठे?"

"टाका माझ्याहून सुबक आहे. फक्त कापताना पहिला तुकडा जपून ठेवायचा आणि सगळे त्याच्यावरच कापायचे. मागच्यावर पुढचा कापला, की हत्तीपर्यंत पोचतो!"

"उद्यापासून आम्हाला शिकवायला यायचं! आणि बक्षीस माग. सोनं देऊ?"

"सोन्यातून सुई जात नाही, महाराज. महालातले जुने कपडे द्या."

महाराज पुन्हा हसले. दर वर्षी थंडीच्या आधी राजवाड्यातल्या कपड्यांची एक गाडी गोधडीवाल्यांच्या आळीत पोचवायचा हुकूम सुटला. पहिली गाडी त्याच संध्याकाळी भरली. रेशमी पातळं होती, मखमली अंगरखे होते. तरी महाराजांना गाडी अंमळ रिकामी वाटली, म्हणून त्यांनी प्रधानजींच्या खांद्यावरचा नवाकोरा शेलाही ओढून वर टाकला!