आठ वाड्यांचा एक संघ

एका बेटावर आठ वाड्या होत्या आणि आठही वाड्यांचं आपसात पटत नसे. विहिरीवरून भांडण, जाळ्यांवरून भांडण, आणि लग्नातल्या मानपानावरून तर पिढ्यान्‌पिढ्यांचा अबोला. बोलीही अशा वेगवेगळ्या, की पूर्वेकडच्या वाडीचं बोलणं पश्चिमेकडच्या वाडीला धड कळत नसे. सगळे एका जागी जमत ते फक्त नारळीसाठी.

नारळी हा त्यांचा खेळ. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी. सालीसकट नारळ घ्यायचा, त्याला तेल चोळायचं, तो काखेत मारून पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. वाटेत पाडतील, ओढतील, अंगावर पडतील, ते सगळं चालायचं. नारळ टेकवला की एक गुण. खेळ संपला की जिंकलेली वाडी हरलेल्या वाडीला जेवू घालायची, आणि त्या दिवसापुरता अबोलाही सुटायचा.

समुद्राच्या पलीकडे बंदरनगर नावाचं श्रीमंत शहर होतं. त्या किनाऱ्यावरची सहा शहरं मिळून दर हिवाळ्यात नारळीचे सामने भरवत. तिथले खेळाडू दुसरं काही काम करत नसत, खेळणं हाच त्यांचा धंदा. त्यांना पगार होता, तालीम होती, मोडलेलं हाड बसवायला वैद्य होता. बेटावरचे लोक सुकी मासळी विकायला गेले की हे सामने बघून येत आणि पुढे आठवडाभर दुसरं काही बोलत नसत.

एका वर्षी पावसाळा संपल्यावर बंदरनगरचा कारभारी बेटावर आला. गोड बोलणारा माणूस होता. तो बेटाच्या मुखियाला, धाकोजीला म्हणाला, "आमच्या सामन्यांत तुमचंही बेट उतरू द्या. मैदान आम्ही बांधून देतो. पगार आम्ही देतो. पंधरांपैकी नऊ खेळाडूही आमचेच देतो, म्हणजे तुम्ही पहिल्याच वर्षी मार खाणार नाही. उरलेले सहा तुमचे. नाव मात्र तुमच्या बेटाचं."

धाकोजीने आठही वाड्यांची सभा बोलावली.

बेटावरचा सगळ्यांत चपळ गडी होता हिरोजी. तो लगेच उठला. "मुखिया, हो म्हणा. दर वर्षी आम्ही त्या मैदानाच्या कडेला उभे राहून बघतो. एकदा आत जाऊ दे."

मग गोमाई उठली. गोमाई बेटावरची सुईण, आणि दुखणंखुपणंही तीच बघायची. ती म्हणाली, "मैदान बांधताय, बांधा. पण आजाऱ्यांच्या खोलीचं छप्पर गळतंय. पावसात मी बाळंतिणीच्या अंगावर इरलं धरून बसते. आधी कशाची गरज आहे?"

धाकोजी म्हणाला, "गोमाई, तुझं खरं आहे. पण ते छप्पर का गळतंय? पेंढा कोणत्या वाडीने द्यायचा यावर तीन वर्षं वाद चाललाय म्हणून. यांना एका बाजूने उभं राहायची सवयच नाही. निदान खेळात तरी लागू दे."

सभेने हात वर केले आणि ठरलं, उतरायचं.

करार धाकोजीने घरी बसून वाचला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: दक्षिणेकडच्या बंदराचं कोणतंही गलबत बेटाच्या धक्क्याला लागू द्यायचं नाही. बंदरनगरचं आणि त्या बंदराचं वैर होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. धाकोजीने विचार केला, तिकडचं गलबत येतं ते वर्षातून दोनदा. थोडं मीठ आणतं, थोडी औषधी साल आणतं. एवढ्याशा गोष्टीसाठी सभा पुन्हा बोलवायची, पुन्हा गोमाई उठायची. त्याने सही केली आणि ती ओळ कोणालाही वाचून दाखवली नाही.

थंडी पडली. सामने सुरू झाले. बंदरनगरचे नऊ खेळाडू बेटावर येऊन राहिले. वाडीवाडीतल्या घरांत त्यांची सोय झाली. ते खरोखरच तयारीचे गडी होते. नारळ त्यांच्याच हातून फिरायचा. बेटाचे सहा जण कडेकडेने पळायचे आणि नारळ वाट्याला आलाच तर पुन्हा त्यांच्याकडे फेकायचे. हिरोजीला म्होरक्या केलं होतं, पण डाव नऊ जण ठरवायचे.

तरी बेट जिंकायला लागलं. पाच सामन्यांपैकी चार जिंकलं. पहिल्या विजयाची बातमी आली त्या दिवशी तीन वाड्यांची माणसं नाचत नाचत आजाऱ्यांच्या खोलीपाशी गेली आणि संध्याकाळपर्यंत छप्पर शाकारून मोकळी झाली. गोमाईने त्यांना गूळ-पाणी दिलं. मनात म्हणाली, धाकोजी अगदीच चुकला नव्हता.

त्याच दिवसांत दक्षिणेचं गलबत एकदा येऊन गेलं. धाकोजीने धक्क्यावर लाल फडकं लावायला सांगितलं होतं. लाल फडकं म्हणजे इथे लागू नका. गलबत थोडं घुटमळलं आणि निघून गेलं. गोमाईने विचारलं तेव्हा धाकोजी म्हणाला, "या खेपेला त्यांना घाई असेल."

सहावा, शेवटचा सामना बेटावरच होता, कौलारपूर शहराशी. जिंकलं तर सगळ्यांत पहिला नंबर. बेटाच्या मातीत इतका मोठा खेळ कधी झाला नव्हता. बायकांनी मैदान अंगणासारखं झाडून काढलं. कौलारपूरचे खेळाडू आदल्या दिवशी दुपारीच आले. बंदरनगरचा कारभारीही आला. त्याला धक्क्याजवळच्या मांडवात चटईवर बसवलं होतं, समोर शहाळी ठेवली होती.

पण त्या आठवड्यात बेटावर ताप आला होता. आधी एका वाडीत, मग तीन वाड्यांत. थंडी वाजून येणारा, पोरांना निपचित करणारा ताप. त्याच्यावर औषध एकच, ती दक्षिणेची कडू साल. गोमाईच्या डब्यातली शेवटची चिमूट परवाच संपली होती. हिरोजीची पाच वर्षांची मुलगी कमळी दोन दिवस डोळे उघडत नव्हती.

आणि त्याच दुपारी दक्षिणेचं गलबत पुन्हा दिसलं. ते धक्क्यापासून दूर उभं राहिलं. लाल फडकं अजून तिथेच होतं.

गोमाई तरातरा मांडवात आली. "मुखिया, ते फडकं काढ. गलबतात साल असणार."

धाकोजीने मान खाली घातली. कारभारीच बोलला, आवाज न चढवता. "बाई, ते गलबत इथे लागायचं नाही असं ठरलंय. करारात लिहिलंय."

गोमाई धाकोजीकडे वळली. "करारात आहे हे?"

"आहे," धाकोजी म्हणाला. "शेवटची ओळ आहे. मी ती तुम्हाला वाचून दाखवली नाही."

आजूबाजूला शंभरेक माणसं जमली होती. त्यांनीही ते ऐकलं.

कारभारी समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे बघा, मी काही दुष्ट माणूस नाही. आमच्याकडचा वैद्य मी परवा पाठवतो. फक्त उद्याचा दिवस जाऊ द्या. उद्या तुम्ही पहिले येणार आहात. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"उद्यापर्यंत कमळी राहील असं मी सांगू शकत नाही," गोमाई म्हणाली. "आणि ती एकटी नाही. अकरा पोरं आहेत."

हिरोजी मांडवाच्या कडेला उभा राहून उद्याच्या नारळाला तेल चोळत होता. त्याने सगळं ऐकलं. नारळ खाली ठेवला, हात पंच्याला पुसले आणि धक्क्याकडे चालू लागला. टोकाशी पोचल्यावर वळून म्हणाला, "मुखिया, मी गलबताचा दोर आणायला जातोय. अडवणार असाल तर आत्ताच अडवा."

धाकोजी उठला. एका बाजूला आठही वाड्यांनी एकत्र साजरी केलेली पहिली थंडी होती. दुसऱ्या बाजूला त्याने लपवलेली एक ओळ होती. तो कारभाऱ्याच्या समोरून चालत धक्क्यापर्यंत गेला आणि लाल फडकं त्याने स्वतःच्या हाताने काढलं. हिरोजीने पाण्यात उडी मारली.

गलबताच्या तांडेलाने दोर खाली टाकला. हिरोजीने तो दातांत धरून आणला आणि माणसांनी गलबत ओढून घेतलं. साल होती. दोन पोती होती. मागच्या खेपेला परत नेलेलं पोतंही त्यात होतं. गोमाईने तिथेच चूल मांडून काढा ठेवला.

पोरं वाचली. कमळीने दुसऱ्या दिवशी सकाळी पेज मागितली. एका वाडीतला एक म्हातारा मात्र त्याच संध्याकाळी गेला. त्याच्यापर्यंत काढा पोचायला उशीर झाला होता.

कारभाऱ्याने वाद घातला नाही. त्याने नऊ खेळाडूंना सामान आवरायला सांगितलं आणि दिवस मावळायच्या आत होडी पाण्यात लोटली. त्यांच्यातला एक जण ज्या घरी राहिला होता तिथल्या म्हातारीच्या पाया पडला. "मावशी, हे माझ्या हातात नाही," एवढंच म्हणाला.

सामना उद्यावर आणि हातात सहाच गडी. धाकोजीने वाड्यांच्या प्रमुखांना बोलावलं. एरवी कोणत्या वाडीचे किती यावर महिनाभर भांडण झालं असतं. त्या दिवशी एक प्रमुख म्हणाला, "माझा भाचा घ्या, धावतो बरा." दुसरा म्हणाला, "आमच्याकडचे दोघे ताकदीचे आहेत, पण त्यांना तुमची बोली कळत नाही." हिरोजी म्हणाला, "हाताने खुणा करू." असे पंधरा झाले.

आणि ते हरले. चांगलेच हरले. कौलारपूरचे एकतीस गुण, बेटाचे चार. पहिल्या अर्ध्या खेळात तर नारळ नुसता दिसत होता, हाती लागत नव्हता. पण मैदान सोडून कोणी गेलं नाही. चौथा गुण पश्चिमेकडच्या वाडीतल्या एका पन्नाशीच्या कोळ्याने मिळवला, पूर्वेकडच्या गड्याने फेकलेला नारळ टेकवून. तेव्हा जो आरडाओरडा झाला तो ऐकून कौलारपूरचा म्होरक्या गोंधळला. त्याला वाटलं, आपलाच हिशोब चुकला आणि हे जिंकले.

धाकोजीने त्याच मैदानात सगळ्यांसमोर हात जोडले. "शेवटची ओळ मी लपवली. म्हातारबाबा माझ्यामुळे गेले. मुखिया दुसरा निवडा." वाड्यांनी तीन दिवस विचार केला. शेवटी त्यालाच ठेवलं, पण एक अट घालून: यापुढे कोणताही कागद गोमाईने ऐकल्याशिवाय सही नाही.

इकडे बंदरनगरने बाकीच्या शहरांना कळवलं की बेटाला सामन्यांतून काढून टाका. शहरांची बैठक भरली. कौलारपूरचा प्रमुख उठला. "आम्ही तिथे गेलो. समोर पंधरा गडी होते. शेवटपर्यंत खेळले. वर हरूनही जेवू घातलं. त्यांनी खेळाचा कोणता नियम मोडला ते मला सांगा. धक्क्याला कोणाचं गलबत लागलं हा नारळीचा नियम नाही." बाकीच्या शहरांना ते पटलं. बेट राहिलं.

राहिलं, पण आता ना पगार, ना वैद्य, ना उसने खेळाडू. बेटाचे गडी आपल्याच होड्यांतून वल्ही मारत जायचे, तिथल्या धर्मशाळेत उतरायचे, शिदोरी सोडून खायचे आणि खेळायचे. दुसऱ्या वर्षी सहाही सामने हरले. तिसऱ्या वर्षी पाच हरले आणि एक जिंकले. पाचव्या वर्षी बंदरनगरलाच एका गुणाने हरवलं. पहिला नंबर काही आला नाही. आजतागायत आलेला नाही. पण नारळ आता त्यांच्याच हातात फिरतो. आणि खेळायच्या निमित्ताने आठ वाड्यांनी एकमेकींचे पन्नाससाठ शब्द शिकून घेतले आहेत, त्यातले निम्मे शिव्यांचे असले तरी.

पुढे एकदा शेजारच्या एका लहानशा बेटाचा मुखिया धाकोजीकडे आला. म्हणाला, "आम्हालाही बोलावणं आलंय. मोठ्यांच्या खेळात उतरावं की नाही? तुम्ही नफा-तोटा दोन्ही बघितलंय."

धाकोजी म्हणाला, "उतरा. पोरं नाहीतरी मैदानाच्या कडेला उभी राहून झुरतात. पण खेळाच्या बदल्यात खेळ द्या, घराचा दरवाजा देऊ नका. आणि जिंकायची घाई असेल तर जाऊ नका. सुरुवातीला हरावं लागतं, ते आपल्याच पायांनी हरा."

"आणि लोक नको म्हणाले तर?"

"जो सगळ्यांत मोठ्याने नको म्हणतोय, त्याला शेजारी बसवून करार वाचा," धाकोजी म्हणाला. "मला ते जमलं नव्हतं."

तात्पर्य: मोठ्यांच्या मैदानात उतरायला लाजू नये, पण आपले गडी, आपला दरवाजा आणि आपल्या माणसांपासून न लपवलेला शब्द, एवढं बरोबर घेऊनच उतरावं.